‘कॉर्पस’ला मराठीत काय म्हणायचं? गंगाजळी, कायम निधी की अक्षय निधी?

पावतीपुस्तक
आमच्या गावातल्या वाचनालयाची नवीन पावतीपुस्तकं छापायची आहेत, तिथे एका शब्दावर अडलोय. जुन्या पावतीवर ‘देणगी’ एवढाच रकाना होता. गेल्या वर्षी एका निवृत्त शिक्षिकेने ५०,००० रुपये दिले. सोबतच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, ‘ही रक्कम वाचनालयाच्या गंगाजळीत जमा करावी.’ आम्ही ती कॉर्पसमध्ये, म्हणजे मुद्दल कायम ठेवून फक्त व्याज वापरायच्या निधीत, धरली. हिशेबतपासनीसांनी तिथून काढली. त्यांच्या मते गंगाजळी म्हणजे राखीव शिल्लक, वेळ आली की खर्चायची. कॉर्पसच्या मुद्दलाला हात लावायचा नसतो, आणि आयकर कायद्याप्रमाणे ‘रक्कम कॉर्पससाठीच’ असं देणगीदाराने स्पष्ट सांगितलेलं लागतं.

नवीन पत्र मागायला बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, “मोडायची नाही, म्हणूनच गंगाजळी म्हटलं ना?” मला उत्तर देता आलं नाही. ‘गंगाजळी’त खर्चायची परवानगी आहे की नाही? आणि पावतीवर कोणता शब्द छापावा?

मोडी_वाचक
गंगाजळी म्हणजे मुळात गंगाजलाचं भांडं. आमच्या देवघरात तोंड झाळून बंद केलेला तांब्याचा गडू होता. आजी जायच्या वेळी तो फोडला आणि दोन थेंब तिच्या तोंडात घातले. म्हणजे एरवी हात लावायचा नाही, पण शेवटच्या वेळी फोडायचा, यासाठीच तो ठेवलेला. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या खजिन्यालाही गंगाजळी म्हणत, तोही अडीअडचणीसाठी राखलेला. परकीय चलनाची गंगाजळी तर रोज वरखाली होते. त्यामुळे तपासनीसांचं बरोबर वाटतं.

कऱ्हाडची
मला बाईंचं बरोबर वाटतं. आमच्या घरी ‘गंगाजळीला हात लावू नका’ असंच म्हणत, ‘गंगाजळी काढा’ असं कधी ऐकलं नाही. शब्दाचा अर्थ वापरणाऱ्याच्या मनात असतो, भांड्यात नसतो.

मोडी_वाचक
मग पावतीवर काहीही लिहा, अर्थ मनात ठेवला की झालं! पैशांच्या कागदावर असं चालत नाही. देणारा उद्या हयात नसेल, विश्वस्त बदलतील, तेव्हा कागदावरचा शब्दच बोलेल.

लेणीभटक्या
शब्द आपल्याकडेच आहे, आणि फार जुना. नाशिकच्या पांडवलेण्यांत, १० क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा नहपान क्षत्रपाचा जावई. त्याने भिक्षुसंघाला ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) दिले आणि त्याला नाव दिलं ‘अक्षयनीवी’. नीवी म्हणजे मुद्दल. ही रक्कम त्याने संघाच्या हाती दिली नाही, गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवली. २,००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा १ दराने, आणि १,००० दुसरीकडे, पाऊण दराने. हिशेब करून बघा. २,००० चं वर्षाचं व्याज २४० होतं. लेखात म्हटलंय की वर्षावासात (पावसाळ्यात) लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ मिळावेत. बरोबर २४०!

पुढचे शब्द मला पाठ आहेत : ‘अपडिदातवा वधिभोजा’. रक्कम परत द्यायची नाही, फक्त वाढ उपभोगायची. कॉर्पसची याहून नेमकी व्याख्या कुठल्या कायद्यात असेल असं मला वाटत नाही. ‘अक्षय निधी’च छापा.

आडतदुकान
लेख सुंदर आहे, पण ‘अक्षय निधी’ वाचून आमच्या बाजारातला माणूस पतसंस्थेची योजना समजेल. सरळ ‘कायम ठेव’ लिहा. सोप्या मराठीला इतकं का घाबरायचं?

पावतीपुस्तक
‘कायम ठेव’ विश्वस्तांना सुचवली होती. ‘ठेव’ म्हटलं की देणगीदाराला ती परत मागता येईल असं वाटतं, हा त्यांचा आक्षेप.

वऱ्हाडी_मी
सगळ्या पावत्यांवर ‘देणगी’च का? आमच्याकडे चंदा म्हणतात. ‘चंदा मांगाले पोट्टे आले’ हे ऐकतच मोठा झालो. पुण्यात आलो तर एकाने सांगितलं, चंदा हिंदी, मराठीत वर्गणी म्हणा. चंदा फारसीतून आला, हे मान्य. ‘फंड’ इंग्रजीतून आला तो चालतो, चंदा चालत नाही, हा कुठला न्याय?

कऱ्हाडची
फंड चालतो कारण लोकांनी तो स्वतःचा केला. अंताजी दामोदर काळ्यांचा पैसा फंड आठवा. माणशी एक पैसा. टिळकांनी तो उचलून धरला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. तिथे ‘निधी’ म्हटलं असतं तर पैसा देणाऱ्याला तो आपला वाटला नसता, असं मला मनापासून वाटतं. आणि कर्मवीरांच्या रयतला माझ्या पणजीने मूठभर ज्वारी दिली, तिला ती ना देणगी म्हणायची ना दान. ‘मूठ’च म्हणायची. ‘बोर्डिंगची मूठ काढली का?’

मोडी_वाचक
वर्गणी आणि देणगी एक नव्हेत. वर्गणीत वाटा ठरलेला असतो, न देणाऱ्याला विचारता येतं. देणगीत विचारता येत नाही. वर्गणी ‘वर्ग’वरून आली असावी, म्हणजे गटागटाने आकारणी.

आडतदुकान
तसं असेल तर पाणी योजनेची १० टक्के ‘लोकवर्गणी’ हे नाव बरोबर आहे, ती ऐच्छिक नव्हतीच. आमच्या आजोबांच्या पट्टीवर (माल विकल्याच्या हिशेबाच्या कागदावर) हमाली-तोलाईशेजारी ‘धर्मादाय’ असा रकाना असे. पोत्यामागे काही पैसे कापायचे, त्यातून पाणपोई चालायची. आता धर्मादाय म्हटलं की फक्त आयुक्तांचं कार्यालय आठवतं.

हिशेबनीस
पावतीवरच्या शब्दावर विसंबू नका. छोट्या संस्थांचे हिशेब मी बघते. पावतीच्या मागे एक वाक्य छापा आणि त्याखाली देणगीदाराची सही घ्या : ‘ही देणगी संस्थेच्या कॉर्पससाठी आहे. मुद्दल कायम गुंतवून ठेवावे, फक्त व्याज वाचनालयासाठी खर्च करावे.’ उषवदातानेही ‘अक्षयनीवी’ म्हणून सोडून दिलं नाही, पुढे वाक्य कोरलं. आणि २,००० रुपयांवरची देणगी रोख घेऊ नका, देणगीदाराला आयकरात सवलत मिळत नाही.

वऱ्हाडी_मी
‘वर्ग’वरून वर्गणी कशी? ‘वर्ग करणे’ म्हणजे रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात टाकणे, त्यावरून असेल.

मोडी_वाचक
मला तसं वाटत नाही, पण खात्रीने सांगता येणार नाही.

पावतीपुस्तक
छापखान्याला शुक्रवारपर्यंत मजकूर द्यायचा आहे. अक्षय निधी की कायम निधी, एवढं कोणी सांगेल का? बाईंनाही कळवायचं आहे.

कोकणातला
आमच्याकडे ना चंदा ना वर्गणी. गावपट्टी. देवळाचं छप्पर दुरुस्तीला काढलं की घरटी पट्टी बसते, मुंबईकरांना वेगळी. ही ‘पट्टी’ आणि वर आडतदुकान म्हणतात ती ‘पट्टी’ एकच का?