सोलापुरात जुनी झेडएक्स-10आर घ्यावी की निन्जा 650वर थांबावं?

जुना_पुणे_नाका
दोन गाड्या समोर आहेत. 2019ची कावासाकी झेडएक्स-10आर, मीटर 6,000 किमी, केए (कर्नाटक) पासिंग, विजापूरची. दुसरी 2021ची निन्जा 650, 15,000 किमी, एमएच-13 (सोलापूर). वापर: रविवारी पुणे हायवे, आठवड्यातून दोनदा गावात. मत द्या.

होटगी_रोड
650 घ्या, मालक. 998 सीसीच्या झेडएक्स-10आरचा पहिला गिअर इतका लांब असतो की सात रस्ता चौकाच्या गर्दीत सतत हाफ क्लच धरावा लागतो आणि क्लचच्या प्लेटा जळतात. त्यात आपला एप्रिल-मे, 42 अंश. कूलंट शंभरी ओलांडतं, फॅन बंदच होत नाही, सगळी गरम हवा मांड्यांवर. 200च्या आसपास पीएसच्या ताकदीचं करणार काय? आणि 6,000 किमी ऐकून खूश होऊ नका. गाडी उभी राहिली की टाकीतलं इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढतं, गंज धरतो, फ्युएल पंप अडकतो.

विजापूर_वेस
पूर्ण असहमत. गाडी वाईट नसते, न तपासता घेतलेली वाईट असते. मुळात ज्याला हायवेच करायचा त्याने गर्दीच्या हिशोबाने गाडी का निवडावी?

इंजिन गार असताना जा, आधी हात लावून बघा. गरम केलेलं असेल तर परत या. मग हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून खालच्या योकजवळचा (पुढचे दोन दांडे धरणाऱ्या पट्टीजवळचा) स्टॉपर, म्हणजे हँडल अडवणारा ठोकळा, टॉर्चने बघा. फ्रेमला जिथे तो टेकतो तिथे चेपलेलं, घासून सपाट केलेलं किंवा नुकता रंग दिसला तर गाडी जोरात पडलेली आहे. फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिक) नवी घालता येते, हा डाग लपवणं अवघड.

टायरवर डीओटी कोडच्या शेवटी चार अंक असतात. 2319 म्हणजे 2019चा 23वा आठवडा. टायर मूळचेच असतील तर रबर कडक झालेलं, दोन्ही बदलायचे. मागचा 190/55, स्वस्त नाही. उलट टायर 2023चा, डिस्कला बोटाला लागेल अशी कड आणि फूटपेगचं रबर गुळगुळीत असेल, तर 6,000 हा आकडा खोटा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजायला व्हर्नियर घेऊन जा.

होटगी_रोड
मुद्दे बरोबर, पण हे सगळं बघणारा कारागीर गावात किती जणांना मिळतो? फोर्कचं (पुढच्या शॉकचं) सील गळालं तर तेल थेट ब्रेक पॅडवर येतं. फोर्कचा दांडा पुसून, पुढचा ब्रेक धरून हँडल दहा वेळा दाबा. तेलाचं कडं उमटलं तर सील गेलं, पॅडही बघा. भाग पुण्याहून मागवायचा, तोवर गाडी उभी.

आणि केए पासिंगची कटकट सांगितलीच नाही. फॉर्म 28ची एनओसी (तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र), मग इथला रोड टॅक्स, तिकडच्या टॅक्सचा परतावा तिकडच्या आरटीओकडे मागायचा. कर्ज असेल तर ते आरसीवरून काढायला बँकेच्या पत्रासह फॉर्म 35. पुढे नावावर करायला फॉर्म 29 आणि 30. एनओसी हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

विजापूर_वेस
त्यात वाद नाही. इथल्या टॅक्सची रक्कम किमतीतून कापून मागा. विमाही 14 दिवसांत नावावर करा. नो क्लेम बोनस विकणाऱ्याकडेच राहतो.

ट्रायलमध्ये दोन गोष्टी. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये 70वरून थ्रॉटल पूर्ण उघडा. आरपीएम चढलं आणि वेग नाही, तर क्लच घसरतोय. दुसऱ्या गिअरमध्ये जोर देताना गिअर निसटला तर सौदा तिथेच सोडा. बॅटरी इंजिन बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट, 4,000 आरपीएमला 14च्या आसपास हवी. 15च्या वर गेली तर रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा भाग) संशयित.

अक्कलकोट_रोड
650लाही हेच लागू. 15,000 किमीला चेन मागच्या स्प्रॉकेटवरून (दातेरी चाकावरून) ओढून बघा. अर्धा दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला.

जुना_पुणे_नाका
विजापूरवाल्याकडून आधी दोन्ही टायरच्या डीओटीचे आणि योकजवळच्या स्टॉपरचे फोटो मागवलेत. ते आले की इथेच टाकतो.