अण्णा-आईच्या लग्नाची पन्नाशी आणि दादाची घरची बिअर: कुठली करावी? करावी का?

होटगीरोडकर
येत्या मे महिन्यात आमच्या अण्णा-आईच्या लग्नाला ५० वर्षं होतील. दुपारी कार्यालयात आमरस-पुरीचं जेवण, पै-पाहुणे, 'आहेर नको' छापूनही येणारे आहेर, हे सगळं ठरल्यासारखं आहे. प्रश्न रात्रीचा आहे. रात्री गच्चीवर फक्त घरची माणसं.

थोरला भाऊ इंग्लंडात लीड्सला असतो आणि गॅरेजमध्ये स्वतः बिअर करतो. तिकडे १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही. या प्रसंगासाठी एक खास बिअर करून आणतो म्हणतोय. ड्युटी न भरता माणशी दोन लिटर आणता येतं, म्हणजे ३३० मिलीच्या सहा बाटल्या. एकटाच येणार असल्याने सातवी नाही.

दादाला 'बार्ली वाइन' करायची आहे. नावात वाइन असली तरी ही बिअरच, फक्त माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) सढळ हाताने घालून ९-१० टक्क्यांवर नेलेली आणि महिनोन्महिने मुरवलेली. तिकडच्या जमीनदार घराण्यांत वारस जन्मला की अशी जबर बिअर पिंपात भरून ठेवायचे आणि पोरगं २१ वर्षांचं झालं की पिंप फोडायचे. दादा म्हणतो, पन्नाशीला असलंच काहीतरी वजनदार पाहिजे. आत्ता ऑक्टोबरात केली तर सात महिने मुरेल.

माझं म्हणणं, सोलापूरच्या मे महिन्यात ते पाकासारखं पेय कोण पिणार? गव्हाची साधी बिअर करावी, साडेचार टक्क्यांची. अण्णा महिन्यातून एखाद्या रविवारी मटणाआधी अर्धी बाटली घेतात, तीही ग्लासाला घाम फुटेल इतकी गार. बोला.

शेंगाचटणी
गव्हाची. विषय संपला. रात्री दहालासुद्धा गच्चीची फरशी पायाला चटके देते तेव्हा, आणि यांना बार्ली वाइन सुचतेय.

मुरलेला_माल
मी मूळचा आपल्या सात रस्त्याचा, आता पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत कामाला आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

शेंगाचटणी, विषय इतक्यात संपत नाही. गव्हाची बिअर ताजी असताना छान. तिच्या यीस्टमुळे पिकलेल्या केळाचा आणि लवंगेचा वास येतो, तीच तिची खरी मजा, आणि दोन-तीन महिन्यांत तो वास उतरतो. म्हणजे दादाला ती मार्चच्या शेवटी करावी लागेल. आंबवायला दोन आठवडे, बाटलीत गॅस धरायला दोन-तीन आठवडे. मेच्या सुरुवातीला निघायचं असेल तर कसंबसं जमतं. एखादा घाणा बिघडला तर दुसरा करायला वेळ नाही. बार्ली वाइनला हे टेन्शन नाही, जास्त अल्कोहोलमुळे ती टिकते आणि मुरेल तशी तिचा तिखटपणा जातो.

पण माझं मत तरी गव्हालाच. कारण वेगळं आहे. बार्ली वाइन बर्फागार प्यायली तर चवच लागत नाही, ती बारा-तेरा डिग्रीला, छोट्या ग्लासात, घोट घोट घ्यायची. अण्णांना ती दिली की पहिला प्रश्न येणार, "गार का नाही रे?" आणि मग दादा अर्धा तास समजावत बसणार. घरी बिअर करणाऱ्या सगळ्यांना ही खोड असते, आपली कारागिरी दाखवायला प्रसंग शोधतात. ज्याची पन्नाशी आहे त्याची जीभ बघा.

रूपाभवानी_परिसर
कुठली बिअर यावर एवढा काथ्याकूट, पण मुळात का, हे कोणी विचारेना. ५० वर्षांच्या संसाराचा सोहळा, आणि त्यात दारू? शिवाय मे महिन्यात, सोलापुरात. ८ मे १९३० ला याच गावात शिंदीची, म्हणजे ज्यांच्या रसाची दारू होते ती झाडं तोडणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला. पुढे मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, कुर्बान हुसेन. चार पुतळ्यांसमोरून रोज जाता ना?

काय_बे
ताई, मान राखून सांगतो. ती झाडं सरकारचं उत्पन्न बुडवायलाही तोडली होती, ताडी-दारूवरचा कर इंग्रजांच्या तिजोरीत जायचा. कायदेभंग होता तो. गच्चीवरच्या सहा बाटल्यांना हुतात्म्यांच्या समोर उभं करणं जरा जास्तच होतंय.

रूपाभवानी_परिसर
कर होताच, पण दारूबंदी हा गांधीजींच्या कार्यक्रमातला स्वतंत्र मुद्दा होता. दारूच्या दुकानांवर निदर्शनं करायला बायका पुढे होत्या त्या काही कराचा हिशेब मांडून नव्हे, घरात काय चालतं ते बघून. माझ्या आजोळी विडी वळून आलेला पैसा कुठे जायचा ते मी पाहिलंय. तुमचे अण्णा अर्धी बाटली घेऊन थांबतात हे चांगलंच आहे. पण गच्चीवर पुतणे, भाचे असतील, त्यांना "मोठ्या प्रसंगाला बाटली लागते" एवढंच दिसणार.

आणि होटगीरोडकर, लग्न दोघांचं झालं होतं. आईंना विचारलंत का?

कडक_भाकरी
मला दोन्ही बिअर परक्या वाटतात. मालदांडी ज्वारीची करा की! मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं वाण, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर जीआय मानांकन आहे. आफ्रिकेत ज्वारीची बिअर घरोघरी करतात. वर थोडा गूळ घाला म्हणजे अण्णांना गोड लागेल.

मुरलेला_माल
कल्पना झकास, पण दोन अडचणी.

ज्वारीचा स्टार्च जवापेक्षा बऱ्याच जास्त उष्णतेला फुलतो. जवाच्या माल्टबरोबर ६५ डिग्रीच्या पाण्यात नुसतं पीठ टाकलं तर त्यातली साखर मोकळी होत नाही. आधी आंबिलीला शिजवतो तसं शिजवून घ्यायचं, निववायचं, मग जवाच्या माल्टमध्ये मिसळायचं. पाचवा हिस्सा ज्वारी, बाकी जव असं प्रमाण धरलं तर पहिल्या फटक्यात जमेल.

गुळाचं मात्र उलटं होतं. गुळातली जवळजवळ सगळी साखर यीस्ट खाऊन टाकतं. गोडी जाते, अल्कोहोल वाढतं, बिअर उलट पातळ आणि कोरडी होते. काकवीसारखा किंचित वास तेवढा मागे राहतो.

नळाला_पाणी_कधी
इंग्लंडहून आणायची भानगड कशाला? ऑनलाइन किट मिळतं. होटगी रोडलाच करा, वीस लिटर होईल, सहा बाटल्यांची मारामार नको.

मुरलेला_माल
नको. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना दारू बनवणं गुन्हा आहे, घरच्यापुरती असली तरी. किट मिळतं म्हणून परवानगी मिळत नाही. दुसरं, एल म्हणजे अशा घरच्या बिअरचा नेहमीचा प्रकार, त्याच्या साध्या यीस्टला १८ ते २२ डिग्री लागतात. आपल्याकडे पस्तीसच्या पुढे ते बेफाम होतं आणि जड अल्कोहोल तयार करतं. सकाळी डोकं असं धरतं की पन्नाशी लक्षात राहील. (नॉर्वेचं क्वाइक नावाचं यीस्ट ३५ ला छान चालतं, पण कायदा तिथेच राहतो.)

चिंतातुर_जंतू
घरी केलेली म्हणजे विषारी व्हायची भीती नाही का? पेपरात वाचतो ते मिथेनॉल वगैरे?

मुरलेला_माल
धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असतं. ते बळी जातात ते कारखान्यातलं मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे. घरच्या बिअरमध्ये धोका बाटली फुटण्याचा. गॅससाठी लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालतात, तिथे हात सैल सुटला की काच उडते.

औषधाची_चिठ्ठी
अण्णांचं वय, बीपी, शुगर याबद्दल धाग्यात एक अक्षर नाही. ९ टक्क्यांची ३३० मिली म्हणजे साधारण साडेतेवीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. साडेचार टक्क्यांची घेतली तर बरोबर निम्मं. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, फॅमिली ग्रुपला नको. आणि मे महिन्यात दिवसभर कार्यालयात घाम गाळल्यावर बिअर म्हणजे पाणी, हा गैरसमज काढून टाका. आधी दोन तांबे पाणी, मग ग्लास.

होटगीरोडकर
बीपीची एक गोळी आहे, विचारून घेतो.

रूपाभवानी ताई, तुमचा प्रश्न लागला म्हणून काल रात्री भाकरी थापताना आईला विचारलं. ती माळकरी आहे, वर्षाला एक तरी पंढरपूर. हात न थांबवता म्हणाली, "बाटली देवघराच्या खोलीत नको, आणि माझे स्टीलचे पेले त्याला लावायचे नाहीत." मी म्हटलं, बरं, झालं. तर तवा उतरवून म्हणाली, "लग्न माझं पण झालंय ना रे? त्यांना सातासमुद्रापारची बिअर. मला काय आणतोय तो?"

अण्णा सोप्यात पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही.

रूपाभवानी_परिसर
मी आता आणखी काही लिहायची गरज नाही.

शेंगाचटणी
माऊलींनी एका वाक्यात धागा उलटा केला. दादानं बॅगेत दोन लिटरचा हिशेब मांडला, आईचा मांडलाच नाही.

काय_बे
दादा तिकडे आलं घालून जिंजर बिअर करू शकतो की, त्यात दारू नसते.

मुरलेला_माल
यीस्टनं गॅस धरलेल्या घरगुती जिंजर बिअरमध्ये थोडं अल्कोहोल येतंच. माळकरी माणसाला फसवून पाजू नका. मे महिना आहे, घरच्या कैऱ्यांचं पन्हं करा, वेलदोडा-केशर घाला, त्यात ऐन वेळी थंड सोडा. दादानं तिकडून तशाच दोन रिकाम्या बाटल्या आणाव्यात आणि वर दोघांच्या नावाचं एकच लेबल लावावं. आईच्या बाटलीत पन्हं.

रूपाभवानी_परिसर
लेबल-बिबल हौस तुमची. त्यांना खरंच काय हवंय ते विचारा, पन्हं त्या स्वतःच ५० वर्षं करतायत.

लीड्सकर_थोरला
धाकट्यानं लिंक पाठवली, सगळं वाचलं.

बार्ली वाइन गेल्या शनिवारीच बादलीत गेली आहे, आता ती परत माल्ट होत नाही. ती इथेच मुरू दे. गव्हाची मार्चमध्ये करतो, पाचवा हिस्सा मालदांडी घालून, आधी शिजवूनच. मात्र सहाच्या सहा गव्हाच्या आणणार नाही. एक बार्ली वाइनची असेल आणि ती मीच पिईन, छोट्या ग्लासात, बारा डिग्रीला. कारागिरी दाखवायची खोड वगैरे जे काही वर लिहिलंय, ते मान्य नाही.

आईला आज फोन केला. तिला इथलं काही नको. पन्नाशीच्या दुसऱ्या दिवशी पंढरपूरला जायचंय, दोघांनी, आणि गाडी मी चालवायची. म्हणजे रात्री माझा तो छोटा ग्लासही लवकरच संपवावा लागणार.

@मुरलेला_माल, बाटल्या विमानातून आल्यावर किती दिवस उभ्या ठेवू?

मुरलेला_माल
फ्रिजमध्ये उभ्या, निदान दोन-तीन दिवस, म्हणजे तळाला गाळ बसेल. गव्हाच्या बिअरला तो थोडा चालतो, बार्ली वाइन ओतताना शेवटचं बोटभर बाटलीतच सोडा. आणि मे महिन्यात लाइट जाते, त्याची सोय बघा.

शेंगाचटणी
पाच बाटल्या गव्हाच्या. गच्चीवर माणसं किती, ते होटगीरोडकरांनी अजून सांगितलेलं नाही.