युनियनमधला इंट आपोआप का बदलतो?

प्रश्न
सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतेय. युनियनपाशी अडलेय, म्हणजे एकाच नावाखाली वेगवेगळ्या प्रकारचे मेंबर घेता येतात त्या प्रकारापाशी. तीन मेंबर घेतले: इंट (पूर्णांक), फ्लोट (दशांश संख्या) आणि २१ कॅरेक्टरचा ॲरे (ओळीने २१ अक्षरांची घरं). इंटमध्ये १० ठेवले, मग फ्लोटमध्ये १.०. छापल्यावर फ्लोट बरोबर आला, पण इंटच्या जागी १०६५३५३२१६! गार्बेज म्हणावं, तर दर वेळी हाच आकडा येतो. शिवाय साइझऑफ, म्हणजे युनियन किती बाइट घेते तो आकडा, २४ दाखवतो. २१ यायला हवा होता ना?

उत्तर
युनियनचे सगळे मेंबर मेमरीतली एकच जागा वापरतात. तिन्ही मेंबरचे पत्ते छापून बघा, एकच येईल. तुमचे १० केव्हाच पुसले गेले, त्याच ४ बाइटवर १.० येऊन बसला. तो ३२ बिटांत असा साठतो: साइन बिट ०, एक्स्पोनंटच्या (घातांकाच्या) ८ बिटांत १२७, पुढचे २३ बिट शून्य. १२७ ला २ च्या २३ व्या घाताने गुणा, तुमचा आकडा मिळेल.

साइझचं सोपं आहे. इंट आणि फ्लोटला ४ च्या पटीतला पत्ता लागतो, म्हणून २१ च्या पुढे ३ बाइट पॅडिंग, म्हणजे नुसती भरीची जागा.

प्रश्नकर्ती
गुणून बघितलं, तंतोतंत आलं! पण इंटमध्ये १००० ठेवून ॲरेच्या पहिल्या घरात फक्त 'ए' (त्याचा कोड ६५) लिहिला, तर इंट ८३३ झाला. ६५ का नाही?

उत्तर
कारण तुम्ही एकच बाइट बदललात. लिटल एंडियन, म्हणजे सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी ठेवणाऱ्या मशीनवर १००० चे बाइट ओळीने २३२, ३, ०, ० असे असतात. २३२ च्या जागी ६५ आला, शेजारचा ३ तसाच राहिला. ३ गुणिले २५६ अधिक ६५, झाले ८३३. बिग एंडियन मशीनवर क्रम उलटा असतो, तिथे उत्तर वेगळं येईल.

आता कळकळीने सांगतो: युनियनसोबत टॅग, म्हणजे आत आत्ता काय आहे याची खूण, ठेवाच. शेवटी कोणत्या मेंबरमध्ये लिहिलं, याची नोंद युनियन ठेवत नाही आणि कंपायलरही टोकत नाही. माझ्याकडे सीरियल पोर्टवरून कधी तापमान यायचं, फ्लोटमध्ये, तर कधी एरर कोड, इंटमध्ये. मी सरसकट फ्लोटच वाचत होतो. एरर कोड ७ चे बिट फ्लोट म्हणून वाचले की संख्या इतकी सूक्ष्म होते की छापताना ०.०००००० दिसतं. स्क्रीनवर शून्य अंश, आणि मी दिवसभर सेन्सरच्या वायरी तपासत होतो! शून्य अंश अगदी खरं वाटतं हो, म्हणून शंकाच आली नाही.

टॅगसाठी ईनम (ठरावीक नावांपैकी एक साठवणारा प्रकार) घ्या आणि युनियन व तो ईनम मिळून एक स्ट्रक्चर करा. लिहिताना ईनम भरा, वाचताना आधी त्यावर स्विच लावा.

दुसरं उत्तर
एक भर घालतो. एका मेंबरमध्ये लिहून दुसऱ्यातून बिट वाचणं सीमध्ये चालतं, सी प्लस प्लसमध्ये ते अनडिफाइंड बिहेव्हियर आहे, म्हणजे काय होईल याची हमी नाही. तिथे बाइट जसेच्या तसे कॉपी करणारं मेमकॉपी वापरा.

प्रश्नकर्ती
ईनम लावला. स्ट्रक्चरचा साइझऑफ आता २८ येतोय, आणि या वेळी का ते मला कळलंय.