'अस्वेज'ला मराठीत काय म्हणाल?

'अस्वेज' (assuage) या इंग्रजी क्रियापदासाठी नेमका मराठी शब्द हवाय. डिक्शनरीत 'कमी करणे' दिलंय, पण "तिने त्याचं दुःख कमी केलं" असं लिहिलं की वाक्य कोरडं वाटतं.

कोरडं वाटणारच, कारण या शब्दाच्या पोटात गोडवा आहे. लॅटिनमध्ये 'सुआविस' म्हणजे गोड, सुखद, त्याला 'अ‍ॅड' हा उपसर्ग लागला आणि जुन्या फ्रेंचमधून फिरत फिरत 1300 च्या आसपास तो इंग्रजीत आला, म्हणजे मूळ अर्थ गोड करणं, सुसह्य करणं. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हा 'सुआविस', इंग्रजी 'स्वीट' आणि आपला संस्कृत 'स्वादु' हे तिघेही एकाच मुळाचे. म्हणजे अस्वेज आणि स्वाद लांबचे भाऊबंद! स्पेलिंग बघून बरेचजण 'असॉज' म्हणतात, पण उच्चार अस्वेजच.

मराठीत मात्र एकच शब्द सगळीकडे चालवू नका. भूक-तहान असेल तर भागवणे, राग असेल तर शांत करणे, आणि दुःख असेल तर मी सरळ "तिने त्याच्या दुःखावर फुंकर घातली" असं लिहीन, कारण फुंकर घातली म्हणून जखम भरत नाही, फक्त आग कमी होते, आणि दुःखाच्या बाबतीत अस्वेजही तेवढंच करतं. 'निववणे' पण छान आहे. गरम पाणी निवतं तसं मन निवतं, म्हणजे लॅटिनवाल्यांना जिथे गोडवा दिसला तिथे आपल्याला गारवा दिसला.

मग "दुःख हलकं केलं" चालेल का? ते जास्त ओघात वाटतं.

ओघात आहे, पण ते 'अलिव्हिएट' (alleviate) या दुसऱ्या इंग्रजी क्रियापदाचं भाषांतर झालं. त्याच्या मुळाशी लॅटिन 'लेव्हिस' म्हणजे हलका, आणि तोही आपल्या 'लघु'चा नातेवाईक, म्हणून तिथे 'हलकं करणे' अगदी फिट बसतं.

अजून एक, पूर्वीच्या इंग्रजीत अस्वेज हे क्रियापद कर्माशिवायही यायचं. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये नोहाच्या महापुराचं पाणी 'अस्वेज' होतं, तिथे कुणी कुणाचं सांत्वन करत नाहीये, पाणी आपोआप ओसरतंय. तिथे 'ओसरणे'च हवं. आता या अर्थाने कुणी वापरत नाही, पण राग ओसरला, भीती ओसरली हे आपण रोज म्हणतो.