चालती गाडी बंद पडली की आधी पंपच का बदलायचा?

भाट्ये_खारा_वारा

काल इथे एकाने ठोकून दिलं, "जुनी गाडी चालता चालता बंद पडते आणि दहा मिनिटांनी आपोआप चालू होते म्हणजे पेट्रोल पंप गेला, डोळे झाकून बदला, तरी नाही भागलं तर भंगारात द्या." लांज्याच्या ज्या मुलाने वडिलांच्या गाडीसाठी विचारलं होतं तो लगेच पंपाचा भाव विचारायला लागला. ते वाचून डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी 2004 ची छोटी पेट्रोल गाडी. दोन वर्षं हाच त्रास होता. पंप बदलला, फिल्टर, प्लग, कॉइल बदलली, थ्रॉटल बॉडी साफ केली, 19 हजार गेले. आणि भोस्ते घाटात, उतारावर, मागे लोटे एमआयडीसीचा टँकर आणि गाडीत आई बसलेली असताना पुन्हा बंद. स्टेअरिंग दगड झालं. ब्रेक पहिल्या दाबाला लागला, दुसऱ्याला अर्धवट, तिसऱ्याला पाय नुसता टणक पेडलवर. टँकरवाल्याने हॉर्न मारत बाजूने काढला म्हणून आज लिहितोय.

निघालं काय शेवटी? बॅटरीखाली बॉडीला कसलेली अर्थची वायर. वरचं काळं प्लास्टिक धडधाकट, पण बोल्ट सोडून लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) उचलला तर खाली हिरवट पूड आणि तांब्याच्या चार-पाच तारा शिल्लक. घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, गाडी उघड्यावर, खारी हवा रोजची. पॉलिश पेपर, नवीन लग, वरून पेट्रोलियम जेली, सगळे मिळून 150 रुपये.

माझं म्हणणं एवढंच की बंद पडते त्या क्षणी काय मेलं ते बघा, मग पाना उचला. गाडी गिअरमध्ये घरंगळत असताना इंजिन फिरतच असतं, तरी आरपीएमचा काटा धाडकन शून्यावर आला तर करंट नाहीतर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कळवणारा). आचके देत, गुदमरत बंद पडली तर पेट्रोल. बाजूला घेऊन चावी फिरवली की मागच्या सीटखाली दोन सेकंद पंपाची घूं येते का ते ऐका. चेक इंजिनचा दिवा लागतच नसेल तर ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, करंटच जात नाहीये, म्हणजे मेन रिले, फ्यूज, चावीचं स्विच बघा. याला एक पैसा लागत नाही.

पाना_आणि_ग्रीस

लिहायला काय जातंय. 22 वर्षं गॅरेज आहे माझं चिपळुणात. गिऱ्हाईक येतं गणपतीच्या चार दिवस आधी, म्हणतं उद्या गावाला जायचंय. गाडी माझ्या दारात आली की शहाण्यासारखी चालते, एकदाही बंद पडत नाही. दोन दिवस चालवून बघायचे पैसे कोण देतं? तपासणीचे 300 सांगितले तर "नुसतं बघायचे 300?" म्हणून हुज्जत घालतात आणि नवीन पंपाचे चार हजार मात्र निमूट देतात, कारण खोका हातात दिसतो. मेकॅनिकला नावं ठेवण्याआधी हे पण लिहा.

आणि पंप खरंच जातात. लोक पेट्रोलचा काटा लाल रेषेवर ठेवून घाट चढतात, पंप पेट्रोलनेच गार राहतो, तो कोरडा तापला की बंद, गार झाला की चालू. अगदी तुमच्या त्या पोस्टवाल्याने सांगितलं तसंच.

भाट्ये_खारा_वारा

पंप जात नाही असं मी कुठे म्हटलं? गेलाय हे मोजून सांगा म्हणतोय. प्रेशर गेज लावा, इंजेक्शनच्या गाडीला साधारण 3 बार मिळायला हवं. माझा पंप काढला त्याने गेज लावलंच नव्हतं. जुना पंप मी घरी आणला, बॅटरीला जोडला, व्यवस्थित फिरत होता. चांगला पंप माझ्या पैशाने काढून टाकला. त्याचा राग आहे मला आणि तो राहणार.

दापोली_76

तुम्ही दोघं भांडत बसा, खरं कारण कोणी बोलत नाही. ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. फेब्रुवारी 2023 पासून ते पंपांवर यायला लागलं आणि आता बहुतेक पंपांवर दुसरं मिळतच नाही. 2004 च्या गाडीचे रबर पाइप, सील त्यासाठी बनलेलेच नाहीत. इथेनॉल पाणी ओढतं, आपल्याकडे पावसाळ्यात हवेतच पाणी. माझी मारुती 800 जूनपासून अर्ध्या टाकीने उभी होती, गणपतीला काढली तर आसूदपर्यंत सात वेळा बंद. कार्ब्युरेटर उघडला, वाटीत तळाला पाणी, मण्यासारखं वेगळं दिसत होतं.

खेडचा_चाकरमानी

हे आलंच. प्रत्येक धाग्यात ई20. माझी गाडी 2016 सालापासून बंद पडायची, तेव्हा कुठे होतं ई20? क्रँक सेन्सर होता. गार असताना दिवसभर चालायची, कशेडी घाट चढून इंजिन तापलं की खल्लास. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी सेन्सरवर ओला फडका ठेवला आणि सेल मारला, पहिल्या सेलला चालू. नवा घातल्यापासून आजतागायत त्रास नाही, ई20 वरच चालते.

दापोली_76

तुमची चालते म्हणून सगळ्यांची चालते का? नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या चारचाकींचं मायलेज 6-7 टक्क्यांनी पडेल. आम्हाला विचारलं कोणी? बी-बियाणं, खत, सगळं याच गाडीतून नेतो. नवीन घ्यायला पैसे कुठून आणायचे? तुम्ही मुंबईवाले वर्षातून दोनदा येता आणि आम्हाला शिकवता.

खेडचा_चाकरमानी

मुंबईवाले काढायची काय गरज होती? घरपट्टी मी पण भरतो, आई गावात एकटी राहते, महिन्यातून एकदा रात्रभर गाडी मारत येतो. 2011 पासून हायवेचं काम चाललंय, त्या खड्ड्यांतून. तुमच्याइतकंच माझंही कोकण आहे.

कुडाळचो_झील

दोघांनी जरा गप ऱ्हवा. माका सांगा, मायलेज कमी होणा आणि गाडी मधेच बंद पडना ह्यो एकच रोग आसा काय? मायलेज सगळ्यांचाच गेला, माझापण. पण गाडी बंद पडता ती कचऱ्यान. 15 वर्षांचो टाकीतलो गंज, गाळ इथेनॉलान सुटता आणि फिल्टरात जाऊन बसता. फिल्टर बदललंय, दोन महिन्यांनी परत बदललंय, आता ठीक आसा. दोष इंधनाचो पण आसा आणि आमच्या आळसाचो पण.

दापोली_76

फिल्टरचं मान्य. पण मग ते खर्च सरकारने द्यावेत, माझं म्हणणं तेच राहील. आणि माझ्या 800 च्या टाकीत पंप नाहीच, कार्ब्युरेटरच्या गाडीला पंप इंजिनवर असतो, तेव्हा "डोळे झाकून पंप बदला" म्हणणाऱ्याने आधी गाडी कुठली ते तरी विचारायला हवं होतं.

वाशिष्ठीकाठ

एक राहिलंच. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरात आमच्या आळीतल्या सगळ्या गाड्या बुडाल्या, माझीही. पाणी छपरापर्यंत. धुऊन, वाळवून चालू झाली, आनंद झाला. दीड वर्षाने चालता चालता बंद पडायला लागली. डॅशबोर्डखालचे कनेक्टर एकेक उघडले, आतल्या पिना हिरव्या, एकात तर चक्क चिखलाची वाळलेली चकती. लांज्याच्या भावाने गाडी जुनी घेतली असेल तर कार्पेट उचलून सीटच्या रेल्स बघाव्यात, गाळ तिथे राहतोच. पुरातल्या कितीतरी गाड्या रंग मारून पुढे विकल्या गेल्या. ज्यांनी विकल्या त्यांनी विकताना ते सांगितलं नाही हे मला फार लागतं, कारण घेणारे आपलेच लोक.

पाना_आणि_ग्रीस

हे शंभर टक्के खरं. पुरानंतर असल्या 40 तरी गाड्या मी केल्या असतील. आणि खाऱ्या वाऱ्यांना सांगतो, अर्थ बघायला हवी होती हे खरंय, किनाऱ्याची गाडी म्हटल्यावर मी पहिल्यांदा तीच बघतो. पण तपासणीच्या पैशाचं मी म्हटलं ते मागे घेत नाही.

भाट्ये_खारा_वारा

घेऊ नका. तपासणीचे 500 घ्या, बोर्ड लावून घ्या, मी पहिला देईन. फक्त न मोजता पार्ट घालू नका.

लांजा_आंबा

मीच विचारलं होतं. गाडी 2007 ची, बाबांनी 2022 ला चिपळुणातूनच घेतली. आज हातखंब्यापर्यंत नेली, बाजूला बहीण बसली होती मोबाईलवर काटा शूट करत. पालीच्या पुढे बंद पडली. काटा झटकन शून्य, आचके अजिबात नाहीत. चावी फिरवली तर चेक इंजिनचा दिवा लागला नाही आणि पंपाचा आवाजही नाही. दोन मिनिटांनी स्टेअरिंगखाली हात घालून वायरींचा झुबका हलवला तर दिवा लागला, घूं आली, गाडी चालू. वाशिष्ठीकाठ म्हणतात तसं कार्पेट अजून उचललेलं नाही, भीती वाटतेय.

वाशिष्ठीकाठ

उचला. आणि बाबांना सध्या घाटात नेऊ देऊ नका.

भाट्ये_खारा_वारा

शाब्बास, पंप रद्द. आधी बॅटरीची वायर काढा, मग तोच झुबका, त्यात चावीच्या स्विचचा कनेक्टर असेल तो उघडा, पिना जळालेल्या किंवा हिरव्या आहेत का फोटो टाका. रविवारी मी लांज्याला येतोय, मल्टिमीटर घेऊन येतो.