मदत हवी आहे: रिमोट डेस्कटॉपचे परवाने सर्व्हरवर दिसतात, तरी सेशन तासाभराने तुटते

नमस्कार,

एका करसल्लागार कार्यालयाची संगणक व्यवस्था मी सांभाळतो. तिथले टॅलीचे आणि विवरणपत्रांचे सगळे काम विंडोज सर्व्हर २०१९ असलेल्या एकाच यंत्रावर चालते. कर्मचारी रिमोट डेस्कटॉपने (आपल्या संगणकावर सर्व्हरचा पडदा उघडून) त्यावर येतात, कार्यालयात असताना थेट आणि घरून व्हीपीएनमधून (सुरक्षित खासगी जोडणीतून). सर्व्हर डोमेनमध्ये (जिथे सगळ्यांची खाती एका ठिकाणी सांभाळली जातात) नाही, साध्या वर्कग्रुपमध्ये (जिथे प्रत्येक यंत्राची खाती वेगळी असतात) आहे, आणि सेशन होस्ट (कर्मचाऱ्यांची सेशन चालवणारा) व लायसन्सिंग (परवाने सांभाळणारा) हे दोन्ही रोल त्याच यंत्रावर आहेत.

सुरुवातीला मिळणारी १२० दिवसांची सवलतीची मुदत संपण्याआधीच आम्ही २०१९ आवृत्तीचे ‘पर यूजर’ कॅल (प्रत्येक व्यक्तीमागे एक असे वापराचे परवाने) रीतसर विकत घेतले, लायसन्स सर्व्हर ॲक्टिव्हेट केला आणि परवाने त्यावर चढवले. तरीही मुदत संपल्यापासून लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला असा संदेश येतो की रिमोट डेस्कटॉपच्या परवान्यात अडचण असून हे सेशन ६० मिनिटांत बंद केले जाईल. आणि तासाभराने ते खरोखरच बंद होते. पुन्हा लॉगिन केले की आणखी एक तास मिळतो. दर महिन्याच्या २० तारखेच्या सुमारास जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरताना अर्धवट नोंदी सोडून असे बाहेर फेकले जाणे कर्मचाऱ्यांना फार त्रासाचे होते, आणि त्यांचा हा त्रास लवकर थांबावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आतापर्यंत जे तपासले ते सांगतो. स्थानिक ग्रुप पॉलिसीमध्ये (विंडोजच्या नियमांच्या सेटिंगमध्ये) सेशन होस्टच्या ‘लायसन्सिंग’ विभागात लायसन्स सर्व्हरचे नाव आणि ‘पर यूजर’ हा मोड, असे दोन्ही नमूद केले आहे. त्यानंतर यंत्र रीस्टार्टही केले. लायसन्सिंग डायग्नोझर या परवाने तपासणाऱ्या साधनाला कोणतीही अडचण सापडत नाही आणि उपलब्ध परवान्यांचा आकडा तो बरोबर दाखवतो. सर्व्हरचे नाव नमूद नसल्याची ११३० क्रमांकाची इव्हेंट नोंद कुठेही नाही. दोन्ही रोल एकाच यंत्रावर असल्यामुळे मधल्या फायरवॉलचा प्रश्न उद्भवत नाही. ‘एमएसटीएससी /ॲडमिन’ने, म्हणजे परवाना न लागणाऱ्या प्रशासकीय जोडणीने, जोडल्यास हा संदेश येत नाही, त्यामुळे दोष नेटवर्कचा नसून परवान्याचाच आहे, असे माझे मत झाले आहे. मला सर्वात कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की याआधी सर्व्हर २०१६ वर, वर्कग्रुपमध्येच आणि पर यूजर परवान्यांवरच, हीच रचना विनातक्रार चालत होती.

रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातील) सवलतीच्या मुदतीची ‘ग्रेसपिरियड’ ही की (नोंद) काढून टाकावी, म्हणजे मुदत नव्याने सुरू होते, असा सल्ला अनेक ठिकाणी वाचला. परवान्यांचे पैसे भरलेले असताना असा मार्ग धरणे मला योग्य वाटत नाही. नेमके काय चुकत असावे, आणि कायमचा उपाय कोणता, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद

दोष परवान्याचाच आहे हा आपला निष्कर्ष बरोबर आहे. अडचण वर्कग्रुप आणि ‘पर यूजर’ यांच्या जोडीत आहे. पर यूजर परवाना एखाद्या व्यक्तीला दिल्याची नोंद ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील (डोमेनच्या खात्यांच्या मध्यवर्ती यादीतील) तिच्या खात्यावर ठेवली जाते, आणि वर्कग्रुपमध्ये अशी डिरेक्टरीच नसते. ही जोडी मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्येही ग्राह्य धरलेली नव्हती, फक्त तेव्हा सर्व्हर अडवत नसे. २०१९ पासून तो अडवू लागला, आणि आपल्याला दिसणारा ६० मिनिटांचा संदेश ही त्याचीच खूण आहे. डायग्नोझर परवाने आहेत की नाहीत आणि मोड जुळतो की नाही एवढेच पाहत असल्याने त्याला सगळे ठीक वाटते. ‘ग्रेसपिरियड’ की काढून टाकण्याचा विचार आपण सोडला ते उत्तम झाले, कारण त्याने मूळ दोष तसाच राहतो आणि परवान्याच्या अटींचाही भंग होतो.

यावर मार्ग दोन आहेत: एक तर सर्व्हर डोमेनमध्ये घ्यावा, नाही तर परवाने ‘पर डिव्हाइस’ (प्रत्येक संगणकामागे एक) प्रकारात बदलून घेऊन पॉलिसीतला मोडही तसाच करावा. हा बदल लायसन्सिंग मॅनेजरमधून करता येतो.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. पर डिव्हाइसचा मार्ग झटपट होण्यासारखा वाटतो. परंतु बहुतेक कर्मचाऱ्यांकडे कार्यालयातला एक आणि घरचा एक असे दोन संगणक आहेत, शिवाय हंगामात काही जण घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या लॅपटॉपवरूनही काम करतात. अशा वेळी परवाने पुरतील का?

प्रतिसाद

पुरणार नाहीत, आणि म्हणूनच आपल्या कार्यालयासाठी मी तो मार्ग सुचवणार नाही. पर डिव्हाइसमध्ये नव्या संगणकाला पहिल्या जोडणीला ९० दिवसांचा तात्पुरता परवाना मिळतो आणि पुढच्या यशस्वी लॉगिनला त्याच्या नावावर पूर्ण परवाना लागतो. तो संगणक पुन्हा कधीच आला नाही, तरी ५२ ते ८९ दिवसांपैकी जी मुदत पडली असेल ती संपेपर्यंत परवाना अडकून राहतो. हाताने परत घेता येतो, पण एका वेळी एकूण परवान्यांच्या २० टक्क्यांपर्यंतच. कुणी घरच्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकली, तर तोही सर्व्हरच्या दृष्टीने नवाच संगणक ठरतो. म्हणजे आज तुटणारी सेशन सुरळीत होतील, पण हंगामाच्या ऐन मध्यावर परवाने संपून काही जणांना लॉगिनच मिळणार नाही.

डोमेन उभारल्यास विकत घेतलेले पर यूजर परवाने तसेच उपयोगी पडतात. डोमेन कंट्रोलर (डोमेनची खाती सांभाळणारा सर्व्हर) मात्र ज्या सर्व्हरवर कर्मचारी काम करतात त्याच सर्व्हरवर बसवू नये. सुरक्षेच्या दृष्टीने ते धोक्याचे आहे. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचा परवाना यंत्राच्या सर्व कोअरसाठी घेतलेला असेल, तर त्यात दोन आभासी यंत्रांची (एकाच यंत्राच्या आत चालणाऱ्या स्वतंत्र सर्व्हरांची) मुभा असते, फक्त मूळ यंत्र तेव्हा ती चालवण्यापुरतेच वापरायचे. एकावर डोमेन कंट्रोलर, दुसऱ्यावर सेशन होस्ट, अशी विभागणी लहान कार्यालयाला पुरते.

एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. डोमेनमध्ये गेल्यावर प्रत्येकाचे खाते नवे होते आणि त्याबरोबर प्रोफाइलही नवे तयार होते. डेस्कटॉपवरच्या फाइली, प्रिंटर, ब्राउझरमधल्या खुणा आणि डिजिटल सहीची प्रमाणपत्रे आपोआप येत नाहीत. लोकांना याचाच सर्वात जास्त मनस्ताप होतो, म्हणून हे काम २० तारीख उलटल्यावर करावे आणि आधी एकाच कर्मचाऱ्याचे खाते हलवून पाहावे. बदल झाल्यावर लायसन्स सर्व्हरचे खाते ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील ‘टर्मिनल सर्व्हर लायसन्स सर्व्हर्स’ या गटात घालावे, नाही तर वापराच्या नोंदी ठेवल्या जाणार नाहीत. तसेच जुलै २०२४ मध्ये याच लायसन्सिंग सेवेतील सीव्हीई-२०२४-३८०७७ या क्रमांकाची गंभीर सुरक्षा त्रुटी दुरुस्त करणारा अपडेट आला होता. तो किंवा त्यानंतरचा एखादा अपडेट या सर्व्हरवर आहे ना, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.