भावाला स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालू आहेत, एका जागी बसंना झालाय, बंद करू का?

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी, कोल्हापुरातच असतो. धाकटा भाऊ २४ वर्षांचा, रिस्पेरिडोन चालू आहे, आवाज ऐकू येणं बरंच कमी झालंय त्याबद्दल तक्रार नाही, पण डोस वाढवल्यापासून पोरगा एका जागी टिकंना. परवा आईनं त्याच्या आवडीचा पांढरा रस्सा केलेला, दोन घास खाल्ले की उठला, सोप्यात येरझाऱ्या, परत बसला परत उठला, उभा राहिला तरी या पायावरून त्या पायावर. झोप नाही. म्हणतो आतून कायतरी ढकलतंय. शेजारचे म्हणायलेत आजार वाढला, आजी म्हणते बाहेरचं आहे, जोतिबाला नेऊन आणा. गोळी बंदच करावी का?

पेठेतली ताई:
दादा, मनानं गोळी बंद करू नका, आजार उलटतो. मी मानसोपचार वॉर्डात नर्स आहे. वाचून अकाथिसिया वाटतंय, म्हणजे गोळीमुळं आतून होणारी तगमग, एका जागी थारा न लागणं, पण ठरवायचं डॉक्टरांनी. ही औषधं मेंदूतल्या डोपामाइन नावाच्या रसायनाचं काम अडवतात, त्यानं आवाज आणि संशय कमी होतात, पण हालचालीवर ताबा ठेवायलाही डोपामाइनच लागतं, म्हणून हा त्रास. घोळ इथं होतो की बघणाऱ्याला वाटतं आजार उसळला, मग डोस अजून वाढतो आणि तगमग पण वाढते. म्हणून त्याला शांतपणे विचारा, कुणी सांगतंय म्हणून उठतोस का पायच थारा देईनात? तो म्हणेल तसंच, त्याच्याच शब्दात, डॉक्टरांना सांगा. ते डोस कमी करतात, औषध बदलतात नाहीतर प्रोप्रॅनोलॉल देतात (दमा असेल तर आधी सांगायचं). आणि एक, या तगमगीत जीव नकोसा होतो, तसे विचार येतात का हे स्पष्ट विचारा, विचारल्यानं ते डोक्यात भरत नाहीत.

स्वतः पेशंट:
भावा, मला हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननंतर मान एका बाजूला वळून तशीच अडकली, डोळे वर गेले, घरच्यांना फिट वाटली. तो वेगळा प्रकार, डिस्टोनिया, तरण्या पोरांत जास्त दिसतो. प्रोमेथाझिनची सुई दिल्यावर थोड्या वेळात मान सुटली. आता ओलान्झापिनवर आहे, मान बरी आहे पण वजन वाढलं, शुगर तपासत राहतो. औषध सोडलं नाही, बदलून घेतलं, आणि कामावर जातोय.

लक्ष्मीपुरीकर:
माझ्या मावशीला याच प्रकारातल्या जुन्या गोळ्या वर्षानुवर्षं होत्या, आता काही खात नसली तरी तोंड चघळल्यासारखं हलतं, जीभ आतबाहेर होते. टार्डिव्ह डिस्किनेशिया म्हणतात त्याला, या गोळ्या बरीच वर्षं घेतल्यावर होतो. घरात सगळे कवळीमुळं म्हणायचे. यावर पॅसिटेन (या औषधांनी अंग ताठलं, थरथरलं तर देतात ती गोळी) चालत नाही, उलट वाढू शकतं. सुरुवातीलाच सांगितलं तर डॉक्टरांना काहीतरी करता येतं, म्हणून दर भेटीला तोंड आणि बोटं बघायला लावा.

रंकाळाकाठ:
लई आभार सगळ्यांचे. विचारलं त्याला, म्हणाला आवाज नाहीत, पायच ऐकत नाहीत. मरायचे विचार नाहीत म्हणतोय. त्याच्या परवानगीनं व्हिडिओ काढलाय, उद्या सकाळी डॉक्टरांकडे नेतोय.

पेठेतली ताई:
व्हिडिओ जरूर दाखवा, तपासणीच्या खोलीत पोरं दातओठ खाऊन बसतात आणि काही दिसतच नाही. मधल्या वेळेत जोरात ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि भान हरपलेलं असं दिसलं तर ओपीडीची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा. रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.